दाबलेल्या हवेची टाकी : नवी घ्यावी की जुनी?

काशीच्या घाटांच्या रांगेत मणिकर्णिकेच्या उत्तरेस शिंदे घाट लागतो आणि त्याच्या शेजारी संकठा घाट. पायऱ्यांच्या वर संकठादेवीचे देऊळ आहे. संकटांचे निवारण करणारी देवता म्हणून तिची ख्याती आहे. थोडे पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट असल्यामुळे मराठी यात्रेकरूस हा टापू अगदीच परका वाटत नाही. घाटाच्या तळाशी नावा बांधलेल्या असतात. पूर्वी ह्या नावांची यंत्रे डिझेलवर चालत. त्यांचा धूर पायऱ्यांवर बसलेल्या माणसांच्या डोळ्यांत जाई आणि पाण्यावर तेलाचा तवंग पसरे. २०२१ च्या सुमारास 'गेल' ह्या सरकारी कंपनीच्या साह्याने काशीतील नावांना नैसर्गिक वायूवर चालणारी यंत्रे बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. मालवीय पुलाजवळ खिडकिया घाट आहे, त्यालाच आता नमो घाट म्हणतात. तेथे पाण्यावर तरंगणारे वायू भरण्याचे केंद्रही उभे राहिले. तेव्हापासून अनेक नावाड्यांच्या नावेवर एक नवी वस्तू आली : दोनशे वातावरणांच्या दाबाने वायू कोंडून ठेवणारे जाड भिंतीचे सिलिंडर.

ह्या सिलिंडराची भावंडे पुष्कळ आहेत. वाराणसीत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकरावी तुकडी असते. बुडालेल्या माणसाचा शोध घेण्यासाठी तिचे पाणबुडे गंगेत उतरतात, तेव्हा त्यांच्या पाठीवरील टाकीत साधी हवाच असते. मात्र तीही तितक्याच दाबाने भरलेली. कोकणात तारकर्लीच्या किनाऱ्यावर समुद्राचा तळ पाहावयास जाणारा प्रवासी अशीच टाकी पाठीवर घेतो. आणि ह्या कुटुंबातील सर्वांत धाकटे भावंड एका खेळात सापडते. त्या खेळाचे नाव पेंटबॉल. १९८१ च्या जून महिन्यात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हा खेळ प्रथम खेळला गेला. वनखात्याचे लोक झाडांवर व गुराखी गुरांवर खुणा करण्यासाठी रंगाच्या गोळ्या उडविणारे पिस्तूल वापरीत; तेच घेऊन काही मित्र रानात शिरले आणि एकमेकांना रंगवू लागले. आज आपल्याकडील मोठ्या शहरांतही पेंटबॉलची मैदाने आहेत. रंगाने भरलेली सुमारे सतरा मिलिमीटर व्यासाची गोळी सेकंदाला नव्वद मीटरच्या आतबाहेरील वेगाने फेकणारी शक्ती बंदुकीला जोडलेल्या लहानशा हवेच्या टाकीतून येते.

नावाडी असो, पाणबुड्या असो की खेळाडू असो, टाकी विकत घेताना प्रत्येकापुढे एकच प्रश्न येतो : नवी घ्यावी की वापरलेली? नवी टाकी महाग पडते. वापरलेली पुष्कळदा निम्म्या किमतीत मिळते आणि दिसावयास नव्यासारखीच असते. जुनी नाव विकली जाते तेव्हा सिलिंडरही नावेबरोबर नव्या धन्याकडे जाते. त्याने त्याचा वेगळा विचार केलेलाच असतो असे नाही. जुने घड्याळ किंवा जुनी सायकल घेताना फसगत झाली तर पैसे जातात. येथे प्रश्न निराळा आहे. तो का निराळा आहे, हे टाकीत नेमके काय साठविलेले असते ते पाहिल्यावरच कळते.

पाणबुड्याची नेहमीची टाकी घेऊ. तिच्यात अकरा लिटर पाणी मावते. तिच्यात हवा भरून दाब दोनशे वातावरणांपर्यंत नेला, तर बॉइलच्या नियमाप्रमाणे बाहेरची सुमारे बावीसशे लिटर हवा त्या अकरा लिटरांत बसते. हवेला वजन नसते असे आपण सहज म्हणतो. पण ही टाकी रिकामी असताना व भरल्यावर काट्यावर ठेवली, तर अडीच किलोग्रॅमांहून अधिक फरक पडतो. टाकीच्या आतल्या भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, दोन क्विंटलांहून अधिक भार रेटत असतो. संपूर्ण भिंतीवर तो दिवसरात्र असतो. टाकी वापरात असो वा कोपऱ्यात उभी असो.

वायू दाबला म्हणजे त्याच्यात ऊर्जा साठते, जशी गुंडाळलेल्या कमानीत साठते. आपल्या ह्या टाकीतील हवा एकाएकी मोकळी झाली, तर ती सुमारे चार लक्ष जूल एवढे कार्य करू शकते. एवढ्या ऊर्जेने एक टन वजनाची मोटार चाळीस मीटर उंच उचलता येईल. घाटाच्या सर्वांत खालच्या पायरीपासून वरच्या देवळांच्या शिखरांपर्यंत तिला न्यावे, तसे ते होईल. ही ऊर्जा झडपेतून हळूहळू बाहेर पडते तेव्हा ती माणसाला श्वास देते, गोळी फेकते, किंवा यंत्राकडे इंधन पोचविते. भिंत फाटून ती क्षणार्धात बाहेर पडली, तर जवळ उभा असलेला माणूस वाचणे कठीण. नावेवरील सिलिंडरात जळणारा वायू असल्यामुळे आगीचे भय आणखी वेगळे. परंतु फुटण्याचे भय साध्या हवेच्या टाकीलाही तितकेच आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. 'हवाच तर आहे' हे उद्गार ह्या बाबतीत घातक ठरतात.

मणिकर्णिका व शिंदे घाटांच्या मध्ये रत्नेश्वराचे एक देऊळ आहे. पायाखालची जमीन खचल्याने ते एका बाजूस कललेले आहे आणि पाहणाऱ्याला ते लांबूनच कळते. दगडाचे काम असे प्रामाणिक असते. त्याला झालेली इजा तो दाखवितो. धातूचे तसे नाही. टाकी प्रत्येक वेळी भरताना किंचित ताणली जाते व रिकामी होताना पुन्हा आकसते. रोज वायू भरणाऱ्या नावेच्या सिलिंडराचा असा ताण-आकस तीन वर्षांत हजार वेळा होतो. बहुतेक वेळा धातू पूर्वस्थितीवर तंतोतंत येतो. पण आतून गंज चढून भिंत पातळ झाली असेल, आटे कापलेल्या मानेत केसाएवढी चीर गेली असेल, किंवा कधीकाळी टाकी आगीच्या धगीत सापडलेली असेल, तर ती पूर्ण आकसत नाही. थोडी फुगलेलीच राहते. हे फुगणे इतके सूक्ष्म असते की डोळ्याला किंवा हाताला ते समजत नाही. मग ते मोजावे कसे?

ह्यासाठी जी परीक्षा योजिली आहे ती अत्यंत साधी आणि सुंदर आहे. टाकीतील सर्व वायू सोडून देऊन ती काठोकाठ पाण्याने भरतात व पाण्यानेच भरलेल्या दुसऱ्या एका बंद पिंपात ठेवतात. पिंपाला काचेची बारीक मोजनळी जोडलेली असते. नंतर टाकीतील पाण्याचा दाब पंपाने वाढवीत नेतात. नेहमीच्या दाबाच्या दीडपटीहून अधिक, पुष्कळ ठिकाणी पाच-तृतीयांश पट, इथपर्यंत तो नेला जातो. टाकी फुगली की ती पिंपातील तेवढेच पाणी बाहेर ढकलते व मोजनळीतील पातळी चढते. हे झाले एकूण प्रसरण. मग दाब काढून घेतात. टाकी आकसते, पातळी उतरते. पण ती मूळ रेघेपर्यंत पूर्ण उतरली नाही, तर जेवढी वर राहिली तेवढे टाकीचे कायमचे प्रसरण. हे कायमचे प्रसरण एकूण प्रसरणाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक भरले, तर सामान्यतः टाकी नापास होते. परीक्षेची तारीख पास झालेल्या टाकीच्या खांद्यावर पोलादी ठशाने कोरतात.

परीक्षेला हवेऐवजी पाणीच का घेतात, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा असा आहे. पाणी जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे तीनशेहून अधिक वातावरणांचा दाब दिला तरी अकरा लिटर पाण्यात जेमतेम तीन हजार जूल ऊर्जा साठते. त्याहून कमी दाबाच्या हवेत ती चार लक्ष होती. म्हणून परीक्षेत टाकी फाटलीच, तर एक धप्प असा आवाज होतो, पाणी वाहते आणि काम करणारा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येतो. टाकी फुटायचीच असेल तर ती पाणी भरलेले असताना फुटावी, हा ह्या सर्व योजनेमागील हेतू.

तेव्हा वापरलेल्या टाकीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्या खांद्यावरील तारखा. अमेरिकेत हवेच्या टाक्यांची अशी परीक्षा सामान्यतः दर पाच वर्षांनी होते. आपल्याकडे वायू व सिलिंडराचा प्रकार पाहून मुदत ठरते. वाहनांवरील नैसर्गिक वायूच्या सिलिंडरांना ती तीन वर्षांची आहे. घरातील स्वयंपाकाच्या सिलिंडराकडे पाहिले तरी ह्या पद्धतीची ओळख होते. त्याच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी ह्यांपैकी एक अक्षर व पुढे वर्षाचे दोन अंक रंगविलेले असतात. 'बी' व सत्तावीस असे असेल, तर त्या सिलिंडराची पुढची परीक्षा २०२७ च्या एप्रिल ते जून ह्या तिमाहीत ठरलेली आहे. पुष्कळ घरांत हे अक्षर वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असते आणि कोणी वाचीत नाही.

ज्या टाकीची मुदत टळली आहे ती वाईटच असते असे नव्हे. पण भरणा केंद्राने तिच्यात वायू भरता कामा नये असा नियम आहे, आणि परीक्षेचा खर्च व ती नापास होण्याचा संभव हे दोन्ही घेणाऱ्याच्या माथी येतात. 'दिसायला उत्तम, फक्त परीक्षा राहिली आहे' असे विक्रेता सांगू लागला, तर त्यानेच ती करून द्यावी आणि मग किंमत बोलावी, हे सरळ उत्तर आहे. जो ह्याला तयार होत नाही, त्याच्याकडची टाकी फुकट मिळाली तरी महाग.

टाकी कशाची बनविली आहे ह्यावरही बरेच अवलंबून आहे. पोलाद चिवट असते. नीट जपलेली पोलादी टाकी एका माणसाच्या उमेदीचा सर्व काळ चालते. तिचा शत्रू ओल. दमट हवा भरली गेली, किंवा टाकी पूर्ण रिकामी होऊन झडपेतून पाणी आत शिरले, की आतून गंज धरतो. ह्या गंजाने भिंत झिजते एवढेच नव्हे, तर गंज चढताना लोखंड हवेतील ऑक्सिजन शोषून घेते. ओल राहिलेली टाकी कित्येक महिने भरून ठेवली, तर दाबमापकाचा काटा बहुतांशी भरलेलीच टाकी दाखवितो, पण आतील हवा श्वासाला अपुरी झालेली असते. अशा टाकीसह पाण्यात उतरलेला माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होऊ शकतो. पेंटबॉलच्या बंदुकीला ऑक्सिजनशी काही कर्तव्य नाही, पाणबुड्याला आहे. म्हणून पाणबुडे दरवर्षी झडप काढून आत दिवा सोडून टाकी पाहून घेतात आणि बाहेरून कितीही चकचकीत असलेली जुनी पोलादी टाकी आत पाहिल्यावाचून घेत नाहीत. कोकणासारख्या खाऱ्या हवेत तर ही दक्षता दुप्पट हवी.

ॲल्युमिनियम तसे गंजत नाही आणि वजनाला सोयीचे पडते. तथापि त्याच्या इतिहासात एक काळे प्रकरण आहे. ६३५१ ह्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या हजारो टाक्या एके काळी बनविल्या गेल्या. काही वर्षांनी असे दिसून आले की, सतत दाबाखाली राहिल्याने त्यांतील काहींच्या मानेत, आट्यांच्या जवळ, हळूहळू चिरा वाढत जातात. चिरा मानेत असल्यामुळे पाण्याच्या परीक्षेतही त्या नेहमी पकडल्या जात नसत. काही टाक्या भरत असतानाच फुटल्या व माणसे दगावली. अमेरिकेतील प्रमुख कारखान्यांनी १९८० च्या दशकातच हा मिश्रधातू सोडून ६०६१ क्रमांकाचा घेतला, ज्यात हा दोष नाही. जुन्या टाक्यांच्या मानेची विद्युत्प्रवाहाच्या साह्याने वेगळी तपासणी करण्याचा नियमही झाला. म्हणून ॲल्युमिनियमची जुनी टाकी घेताना ती कोणत्या वर्षी बनली हे पाहणे आवश्यक. १९९० च्या अलीकडची असेल तर ह्या विशिष्ट दोषाची चिंता बहुधा उरत नाही. ॲल्युमिनियमविषयी आणखी एक : ते उष्णता सोसत नाही. टाकीला नवा रंग देऊन तो भट्टीत भाजला असेल, तर पावणेदोनशे अंशांच्या पुढे धातूची ताकद कायमची उतरते. फार ताजा, फार सुंदर रंग दिसला की जाणता गिऱ्हाईक संशय घेतो.

तिसरा प्रकार नवा आहे आणि पेंटबॉलच्या खेळाडूंत तोच लोकप्रिय आहे. ॲल्युमिनियमच्या पातळ आवरणाभोवती कर्बतंतू राळेत भिजवून गुंडाळतात. धातू केवळ वायूला गळू देत नाही. भार सोसतात ते तंतू. अशी लिटरभराची टाकी हातात हलकी लागते, पण तिच्यात तीनशे दहा वातावरणांचा दाब मावतो. साध्या ॲल्युमिनियमच्या खेळाच्या टाकीत दोनशे सातच मावतो. दाब वाढल्याने गोळ्या अधिक सुटतात. आरंभी ह्या खेळात द्रवरूप कर्बवायू वापरीत. पण त्याचा दाब तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळे थंडीत गोळी मंदावे व उन्हात वेग वाढे. हवेच्या टाकीला दाबनियंत्रक लावला की हा चंचलपणा जातो.

मात्र कर्बतंतूच्या टाकीला आयुष्याची लेखी मर्यादा असते. अमेरिकेतील परवान्यांनुसार ती बहुधा पंधरा वर्षे. २०१४ मध्ये बनलेली टाकी २०२९ नंतर परीक्षेलाही घेत नाहीत, मग ती कपाटात पडून राहिलेली का असेना. तेव्हा अशा जुन्या टाकीची किंमत उरलेल्या वर्षांच्या हिशेबाने ठरवावी. पंधरांतील अकरा वर्षे झालेली टाकी निम्म्या किमतीला देऊ करणारा मनुष्य सवलत देत नाही. तो जवळजवळ दुप्पट भाव मागत असतो. शिवाय तंतूंवर खोल ओरखडा किंवा आपटल्याची खूण असेल, तर तुटलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत. पोलादाला जे लागले तर पोचा पडतो, तेच ह्या टाकीला लागले तर तिचे आयुष्य संपू शकते. ह्या प्रकारात, पैशाची फारच ओढ नसेल तर, नवी घेणे हाच बरा मार्ग होय. पोलादाच्या व ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र ताज्या परीक्षेची, ओळखीच्या माणसाने वापरलेली टाकी घेण्यात काहीच गैर नाही.

ओळखीचा माणूस म्हणण्याचे कारण, टाकीत पूर्वी काय भरले होते हेही जाणणे अगत्याचे असते. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा दिल्लीत आग विझविण्याची नळकांडी खरवडून, रंगवून ती ऑक्सिजनची सिलिंडरे म्हणून विकणाऱ्या टोळीला पोलिसांनी पकडले. रुग्णाच्या उशाशी धापा ऐकणारा मनुष्य खांद्यावरील ठसे वाचीत बसत नाही, हे विकणाऱ्यांना ठाऊक होते. ते ठसे मात्र खरे बोलतात : बनविणाऱ्याची खूण, अनुक्रमांक, कोणत्या दाबासाठी ती टाकी आहे, किती पाणी मावते, केव्हा तपासली. ते खरवडलेले, किंवा रंगाच्या थराखाली बुजविलेले असतील, तर त्या टाकीला नाव-गाव उरलेले नाही असे समजावे.

भारतात ह्या सर्व कारभारावर देखरेख ठेवणारी संस्था नागपुरात आहे. १८९८ साली स्फोटक पदार्थांसाठी जे खाते स्थापन झाले, तेच आज पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना म्हणून ओळखले जाते. तिच्या मुख्य नियंत्रकाची मान्यता नसलेले सिलिंडर देशात वापरता येत नाही. परदेशातून हौसेने आणलेल्या स्वस्त टाकीला ही मान्यता आहे की नाही, हे तिच्या मालकाला बहुधा भरणा केंद्राने परत पाठविल्यावरच समजते. सिलिंडरांविषयीचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत.

टाकी पसंत पडून पैसे देण्यापूर्वी ती एकदा भरून पाहावी. तेही घाईने नव्हे. वायू जलद कोंबला की तो तापतो. दोनशे वातावरणांपर्यंत भरलेली टाकी साठ अंशांपर्यंत तापलेली असेल, तर निवून तीस अंशांवर येताच काटा सुमारे एकशे ब्याऐंशीवर उतरतो. नवखा गिऱ्हाईक 'गळते आहे' म्हणून भांडतो आणि क्वचित गळणारी टाकी विकणारा ह्याच नियमाचा आधार घेऊन सुटतो. ह्यावर उपाय सोपा आहे. टाकी रात्रभर ठेवावी, सकाळी काटा पाहावा, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पाहावा. निवण्याने झालेली उतार एकदाच होते; गळतीची उतार थांबत नाही. झडपेच्या भोवती साबणाचे पाणी लावले तरी बुडबुड्यांवरून जागा कळते. आट्यांना यंत्राचे साधे तेल किंवा ग्रीस मात्र कधीही लावू नये. जोराने दाबल्या जाणाऱ्या हवेत ते पेट घेऊ शकते.

परीक्षेत नापास झालेल्या सिलिंडराचे काय करावयाचे, ह्याविषयीही नियम स्पष्ट आहे. ते मालकाला जसेच्या तसे परत देत नाहीत. ते ठेचून सपाट करतात, किंवा पुन्हा जोडता येणार नाहीत असे त्याचे तुकडे करतात आणि तशी नोंद ठेवतात. कालपर्यंत चार लक्ष जूल सांभाळणारी ती वस्तू मग मोडीच्या दुकानात किलोच्या भावाने जाते.